विश्लेषण : सरकार आणि कंत्राटदार एका बाजूला आले, तर कामे वेळेत होतात का?

भूसंपादन रखडले, आराखडा बदलला, देयक थकले, मग मुदतवाढ, दंड आणि शेवटी लवाद. सरकारी बांधकामांची ही वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. काही देशांतील यंत्रणांनी कंत्राटदाराशी असलेले नातेच बदलून ती टाळण्याचा प्रयत्न केला. त्याचा उपयोग किती झाला आणि आपल्याकडे ही पद्धत का रुजत नाही?

हीथ्रोचा बोगदा कोसळल्यावर काय झाले?

ऑक्टोबर १९९४. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला रेल्वेने जोडण्यासाठी जमिनीखाली खोदलेले बोगदे कोसळले. वर मोठा खड्डा पडला, आसपासच्या इमारतींना धोका निर्माण झाला. जीवितहानी झाली नाही, एवढेच काय ते सुदैव. विमानतळ चालवणारी ‘बीएए’ ही कंपनी मालक होती आणि काम ‘बाल्फर बीटी’ या बांधकाम कंपनीकडे होते. पुढचा अंक सगळ्यांना पाठ होता : एकमेकांना नोटिसा, वकिलांच्या फौजा, काम ठप्प आणि काही वर्षांनी न्यायालयाचा निकाल.

तसे झाले नाही. दोन्ही कंपन्यांनी आपापली माणसे एकत्र आणून एकच चमू तयार केला. खर्चाचा हिशेब दोघांसमोर उघडा ठेवला, दुरुस्ती केली आणि १९९८ मध्ये गाडी धावू लागली. महत्त्वाचे असे, की या सहकार्यामुळे कोणाचा गुन्हा माफ झाला नाही. कामगारांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने खटला भरला आणि १९९९ मध्ये बाल्फर बीटीला १२ लाख पौंडांचा, तर सल्लागार कंपनीला पाच लाख पौंडांचा दंड झाला. काम सोबतीने पुढे नेणे आणि चुकीचा जाब द्यावा लागणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकल्या. आपल्याकडे नेमके हेच अशक्य मानले जाते.

या अनुभवाचा धागा पुढे त्याच विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलपर्यंत गेला. ब्रिटनमधल्या आधीच्या मोठ्या प्रकल्पांच्या अनुभवावरून हे कामही अंदाजापेक्षा सुमारे एक अब्ज पौंडांनी महागेल आणि एक-दोन वर्षे उशिरा होईल, असा हिशेब मालकानेच करून ठेवला होता. म्हणून करारच वेगळा लिहिला गेला. जोखीम मालकाने स्वतःकडे घेतली. कंत्राटदाराला प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला नफा मिळणार होता आणि बचत झाली तर त्यात त्याचा वाटा होता. अडचण लपवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. टर्मिनलच्या अवाढव्य छताचा एक भाग तर आधी उत्तर यॉर्कशायरमध्ये उभारून पाहिला गेला, म्हणजे चुका विमानतळावर नव्हे, तिकडच्या मोकळ्या जागेत कळाव्यात. ४.३ अब्ज पौंडांचे हे काम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात झाले. मार्च २००८ मध्ये उद्घाटनाच्या दिवशी सामान हाताळणीचा जो अभूतपूर्व गोंधळ झाला तो बांधकामाचा कमी आणि ते चालवायला घेणाऱ्यांच्या अपुऱ्या तयारीचा जास्त होता.

पण ती तर खासगी कंपनी. सरकारला हे कसे जमावे?

आक्षेप रास्त आहे. बीएएचे खासगीकरण १९८७ मध्येच झाले होते. आपल्याला हवा तो कंत्राटदार निवडण्याची मुभा तिला होती. सरकारी खात्याला निविदा काढावी लागते, सर्वांत कमी बोलीवाल्याला काम द्यावे लागते आणि प्रत्येक सहीचा हिशेब लेखापरीक्षकाला द्यावा लागतो.

म्हणूनच अमेरिकेतील उदाहरण जास्त उपयोगाचे. तिथल्या लष्कराच्या अभियंता दलाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस धरणे आणि जलमार्गांच्या कामांत ‘पार्टनरिंग’ सुरू केले. कंत्राटदारांचे दावे आणि न्यायालयीन खर्च इतका वाढला होता, की काम करणाऱ्या अभियंत्यांपेक्षा पत्रे लिहिणारे अभियंतेच जास्त झाले की काय, असे वाटावे. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्यांनी पाठोपाठ ही पद्धत रस्त्यांच्या कामांत आणली.

पार्टनरिंग म्हणजे आपण ऐकतो ती सार्वजनिक-खासगी भागीदारी नव्हे. इथे कंत्राटदार पैसे गुंतवत नाही, पथकर वसूल करत नाही. निविदा नेहमीसारखीच निघते, काम कमी बोलीवाल्यालाच मिळते, करारातले एक कलमही बदलत नाही. बदलते ते कार्यारंभ आदेशानंतरचे वागणे. पहिला दगड हलण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे लोक एक-दोन दिवस एकत्र बसतात. त्यात वरिष्ठांसोबत जागेवर उभे राहणारे कनिष्ठ अभियंते आणि मुकादमही असतात. काम कुठे अडू शकते याची यादी होते. मग वादाची शिडी ठरते : जागेवरच्या दोघांना मतभेद ठरावीक मुदतीत मिटवता आला नाही, तर तो आपोआप वरच्या पायरीवर जातो. तिथेही मुदत असते. कागद दाबून ठेवता येत नाही. दर काही आठवड्यांनी दोन्ही बाजू एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. कॅलिफोर्नियात तर एक कोटी डॉलरवरील कामांना अशी बैठक बाहेरच्या तटस्थ माणसाच्या उपस्थितीत घेण्याचा नियम आहे आणि त्याचा खर्च दोघे वाटून घेतात.

बैठक, यादी, मुदत. ऐकायला अगदीच साधे वाटते. पण आपल्याकडील कोणत्याही रखडलेल्या कामाची फाईल उघडली, तर त्यात नेमक्या याच तीन गोष्टी सापडत नाहीत.

याचा खरोखर परिणाम होतो, हे कशावरून?

एरिक लार्सन या अमेरिकी प्राध्यापकाने १९९५ मध्ये २८० बांधकाम प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक आणि कंत्राटदाराचे नाते त्याने उघड वैर, सावध वैर, अनौपचारिक सहकार्य आणि ठरवून केलेली भागीदारी अशा चार प्रकारांत मांडले. खर्चावरील नियंत्रण, कामाचा दर्जा आणि मालकाचे समाधान या कसोट्यांवर शेवटचा प्रकार सरस ठरला. टेक्सासच्या वाहतूक खात्याच्या चारशेहून अधिक कामांची तुलना करणाऱ्या नंतरच्या अभ्यासातही भागीदारीची कामे बहुतेक बाबतींत उजवी आढळली. मोठ्या कामांत फरक अधिक ठळक होता.

हे निष्कर्ष डोळे झाकून घ्यायचे कारण नाही. अशा पाहण्यांत बऱ्याचदा प्रकल्पाचे अधिकारीच स्वतःच्या प्रकल्पाला गुण देतात. शिवाय जिथे माणसे मुळातच समंजस असतात तिथेच असे प्रयोग होतात. मग यश पद्धतीचे की माणसांचे? ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये आलेल्या ‘एनईसी’ या आदर्श करारनाम्यात परस्पर विश्वास आणि सहकार्याने वागण्याचे बंधन पहिल्याच कलमात आहे. लंडन ऑलिम्पिकची कामे या कराराने झाली आणि वेळेत उरकली. त्याच कुळातला करार लंडनच्या क्रॉसरेल मार्गासाठीही होता. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा तो मार्ग मे २०२२ मध्ये सुरू झाला. करारात ‘विश्वास’ हा शब्द छापला म्हणून रूळ लवकर पडत नाहीत.

तरीही एक गोष्ट या अभ्यासांतून नीट दिसते. फायदा दोस्तीचा नसतो, वेळेवर झालेल्या निर्णयाचा असतो. खडक अपेक्षेपेक्षा कठीण लागला, भूमिगत वाहिनी नकाशात नव्हती, तर कोणाची चूक यावर सहा महिने पत्रव्यवहार न होता ‘आता काय करायचे’ हे आठवड्यात ठरते. यंत्रे आणि मजूर बसून राहत नाहीत. पैसा वाचतो तो तिथे.

भारतात असे कधी झालेच नाही का?

झाले आहे आणि मराठी माणसाच्या अंगणात झाले आहे. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे. सह्याद्रीच्या उतारावरून जाणारा हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला. त्याचे प्रमुख ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोत गेले. दिल्लीचा ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा दहा वर्षांत व्हायचा होता, तो डिसेंबर २००५ पर्यंत, सव्वासात वर्षांत झाला. उद्घाटनाला किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळे जागोजागी लावली होती, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचे कमी लोकांना माहीत आहे : निर्णयाचे अधिकार खालपर्यंत दिले होते आणि कंत्राटदाराचे पैसे अडवून ठेवायचे नाहीत, हा कामाचा शिरस्ता होता. कंत्राटदार बुडाला तर प्रकल्प बुडतो, हे तिथे गृहीत होते.

पण याच दिल्ली मेट्रोच्या नावावर उलटे उदाहरणही आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गिकेसाठी २००८ मध्ये एका खासगी कंपनीशी करार झाला. पूल आणि बोगदे मेट्रो महामंडळाने बांधायचे, रूळ, यंत्रणा आणि गाड्या कंपनीने आणायच्या आणि तीस वर्षे चालवायच्या. फेब्रुवारी २०११ मध्ये सेवा सुरू झाली, जुलै २०१२ मध्ये पुलाच्या बांधकामातील दोषांच्या कारणावरून ती बंद पडली आणि करार मोडला. लवादाचा सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि वर व्याज असा निवाडा २०१७ मध्ये महामंडळाच्या विरोधात गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये उपचारात्मक याचिकेत रद्द केला. तोपर्यंत व्याजासह रक्कम आठ हजार कोटींच्या घरात गेली होती. बारा वर्षांत एका बाजूला आधी सर्व काही आणि दुसऱ्या बाजूला शून्य, नंतर त्याच्या बरोबर उलट. या वादातून एकही जास्तीची गाडी धावली नाही. जिथे बांधणारा एक आणि चालवणारा दुसरा आहे, तिथे पुलाच्या दोषांबद्दल पहिल्या आठवड्यात एका टेबलावर बसण्याची सक्ती हवी होती. नाते एका संस्थेच्या नावावर नाही, एकेका कामाच्या बांधणीवर टिकते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

केंद्र सरकार १५० कोटींवरील आपल्या प्रकल्पांचा आढावा नियमितपणे घेते. २०२४ च्या सुमारास अशा साधारण १,८०० प्रकल्पांपैकी चारशेहून अधिक प्रकल्पांचा खर्च वाढलेला होता आणि ही वाढ पाच लाख कोटी रुपयांच्या आसपास होती. विलंबाची सरकारनेच दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत : भूसंपादन, वन व पर्यावरण परवानग्या, निधीची चणचण, व्याप्तीतील बदल, आराखड्यांना उशिरा मंजुरी. यातली बहुतेक मालकाच्या हातातली आहेत.

मग महाराष्ट्रातील करार काय सांगतो?

राज्यात सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यांची असंख्य कामे ‘बी-१’ नमुन्यातील करारावर होतात. अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली किंवा वर, एवढेच कंत्राटदाराने लिहायचे. कंत्राटदारांच्या बोलीत ‘बिलो’ किती, ही त्या दिवसाची बातमी असते. वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून तोटा भरून काढण्याच्या वाटा शोधत असतो : जादा बाब, वाढीव परिमाण, भाववाढ. दुसरीकडे शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत एकेक मीटर लिहिताना आपल्यावर पुढे कोणती चौकशी लागेल याचा विचार करत असतो. दोघेही कामाकडे कमी आणि कागदाकडे जास्त पाहतात.

याच करारातील कलम ३० प्रमाणे वादात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. म्हणजे ज्या खात्याशी भांडण, त्याच खात्याचा अधिकारी न्यायाधीश. हे लवादाचे कलम आहे की नाही, यावरच वर्षानुवर्षे खटले चालले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तसे नसल्याचे स्पष्ट केले. वाद कसा सोडवायचा, याचाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा, यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००४ मध्ये व्हायचा होता, तो जून २००९ मध्ये खुला झाला. सुमारे ६६० कोटींचा अंदाज १,६०० कोटींवर गेला. मध्ये मच्छीमारांचे आक्षेप आले, आराखडा बदलला, सल्लागार बदलले आणि कंत्राटदार व महामंडळ यांच्यातील दाव्यांचे गाठोडे शेवटपर्यंत वाढत राहिले. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये हात लागला. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याने त्यानंतर किती मुदती पाहिल्या हे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला तोंडपाठ आहे. कंत्राटदार बदलले, न्यायालयाने कान उपटले, रस्ता मात्र खड्ड्यात राहिला. जमीन ताब्यात नसताना काम सुरू करायचे आणि मग संथगतीसाठी कंत्राटदाराला काळ्या यादीची भीती दाखवायची, हा खाक्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

भागीदारी की मिलीभगत?

सामान्य वाचकाच्या मनातला हा पहिला प्रश्न आणि तो योग्यच आहे. आपल्याकडे अधिकारी आणि कंत्राटदार यांच्यात सहकार्य कमी आहे असे कोणीही म्हणणार नाही. टक्केवारीची साखळी वेळेवर चालते, कामेच तेवढी चालत नाहीत. मग आणखी जवळीक कशाला?

हाँगकाँगने या प्रश्नाला दिलेले उत्तर विचार करायला लावणारे आहे. १९९९ च्या सुमारास तिथल्या सरकारी गृहबांधणीत पायाचे खांब ठरल्यापेक्षा आखूड टाकल्याचे उघड झाले. शा टिन भागात जवळपास तयार झालेल्या दोन उत्तुंग इमारती पाडाव्या लागल्या. लोक संतापले. इतक्या मोठ्या फसवणुकीनंतर कंत्राटदाराला आणखी दूर ठेवा, नियम आणखी कडक करा, अशी मागणी स्वाभाविक होती. हेन्री टँग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये दिलेल्या अहवालात देखरेख कडक करायला सांगितलेच, पण सर्वांत कमी बोलीचा हट्ट सोडा आणि पार्टनरिंग स्वीकारा, अशीही शिफारस केली. परवडत नसलेल्या दरात काम घेतलेला, उपकंत्राटदारामागून उपकंत्राटदारावर ढकललेला माणूसच खांब आखूड टाकतो, हे त्या समितीला दिसले होते.

मिलीभगत बंद दाराआड चालते. पार्टनरिंगमध्ये प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त असते, हिशेब उघडे असतात, तिसरा तटस्थ माणूस खोलीत असतो. टक्केवारी घेणाऱ्या अधिकाऱ्याला यापेक्षा गैरसोयीचे दुसरे काही नाही. त्याची ताकद फाईल अडवण्यात आहे. मुदतीत निर्णय झाला तर अडवायचे काय?

प्रामाणिक अधिकाऱ्याची अडचण वेगळी. कंत्राटदाराच्या बाजूने दिलेला योग्य निर्णयही उद्या ‘गैरफायदा करून दिला’ म्हणून अंगलट येऊ शकतो. त्यापेक्षा दावा फेटाळावा, लवादाने पैसे द्यायला सांगितले तर सही आपली नसते. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून सद्हेतूने घेतलेल्या निर्णयांना काहीसे संरक्षण मिळाले. भीती मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाही.

पैसेच मिळत नसतील तर?

इथे भागीदारीच्या सगळ्या गोड बोलण्याची कसोटी लागते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्व खात्यांना सांगितले, की चालू देयकाच्या किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत द्या आणि उरलेली २८ कामकाजी दिवसांत तपासून द्या. त्याच सूचनांत केवळ कमी दर न पाहता गुणवत्तेलाही मर्यादित वजन देण्याची मुभा आहे. २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास’ योजनेत जुन्या कंत्राटी वादांत न्यायालयीन निकालाच्या ८५ टक्के, तर लवाद निवाड्याच्या ६५ टक्के रकमेपर्यंत तडजोडीची तयारी केंद्राने दाखवली. जून २०२४ मध्ये मात्र मोठ्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नका, दहा कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ते ठेवा आणि मध्यस्थीवर भर द्या, असे त्याच मंत्रालयाने कळवले. मध्यस्थी चांगलीच, पण सही करायला घाबरणारा अधिकारी मध्यस्थासमोर तडजोडीची सही कशी करणार, याचे उत्तर त्या पत्रकाने द्यायला हवे होते.

महाराष्ट्रात तर प्रश्न त्याहून आधीचा आहे. निवडणुकीपूर्वी मंजुऱ्यांचा पाऊस पडला, कामे निघाली आणि तिजोरीत पैसा नव्हता. २०२५ मध्ये कंत्राटदार संघटना थकीत देयकांसाठी वारंवार रस्त्यावर उतरल्या. थकबाकी हजारो कोटींची असल्याचा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी जलजीवन योजनेचे काम करणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील एका तरुणाने जीवन संपवले. त्याच्या नावावर सरकारी देयक थकीत नव्हते, तो उपकंत्राटदार होता, असा खुलासा सरकारकडून झाला. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण मुख्य कंत्राटदाराचे पैसे अडले, की त्याखालच्या खडीवाल्याचे, डंपरवाल्याचे आणि गटाने आलेल्या मजुरांचे पैसे आपोआप अडतात. कराराच्या कागदावर त्यांचे नाव नसते आणि मालकाच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. जी भागीदारी मुख्य कंत्राटदाराशी सुरू होऊन तिथेच संपते, ती अर्धीच.

सुरुवात कुठून होऊ शकते?

राज्याला त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जपानी कर्जातून होणाऱ्या कामांत वाद निवारण मंडळाची तरतूद आधीपासून असते आणि राज्यातील यंत्रणांना अशा करारांची सवय आहे. अटल सेतूसारखे काम त्याच चौकटीत झाले. परदेशी कर्जदाराने सांगितले की जमते, तर स्वतःच्या पैशाने होणाऱ्या कामात का नाही? जागा किमान ८० टक्के ताब्यात आल्याशिवाय कार्यारंभ आदेश नाही, निधीची तरतूद असल्याशिवाय निविदा नाही आणि कलम ३० च्या जागी बाहेरचा तटस्थ माणूस, एवढे तीन बदल शासन निर्णयानेही होऊ शकतात. त्यातला पहिला आणि दुसरा कंत्राटदारासाठी नाही, मालकाने स्वतःला घालून घेण्याचा लगाम आहे. म्हणूनच तो सगळ्यांत अवघड.

हाँगकाँगनेही सगळे एका दिवसात बदलले नाही. टँग समितीच्या अहवालानंतर आठ वर्षांनी, २००९ मध्ये त्यांनी विश्वास आणि सहकार्याच्या कलमाचा एनईसी करार पहिल्यांदा वापरून पाहिला, तो साई कुंग भागातील एका नाल्याच्या सुधारणेसाठी. ते काम मुदतीआधी झाले. मग दुसरे दिले, मग तिसरे आणि पुढे सार्वजनिक कामांसाठी हाच करार नेहमीचा झाला.